दोनशे शहाण्णव सूत

आमच्या घराला उंबरठा नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा तांदळाचं माप ठेवायचं कुठे, यावरून दारातच बायकांची खडाजंगी झाली होती. शेवटी कुणीतरी ते दाराच्या मधोमध सपाट फरशीवर ठेवलं आणि मी ते पायाने लवंडून आत आले. माझं माहेर अल्लीपूरचं. परत जाताना माझी आत्या कानात म्हणाली, "बिना उंबरठ्याचं घर हाय वं बाई, जपून राह्यजो."

सासऱ्यांनी उंबरठा मुद्दामच ठेवला नव्हता. सासूबाई लहान असताना त्यांना पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात जोर नाही. कुबडी घेऊन त्या शिकल्या आणि कुबडी घेऊनच त्यांनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. शहराला लागून बोरगाव मेघेत लेआउट पडलं तेव्हा मास्तरलोकांनी आणि कचेरीतल्या बाबूंनी इथे प्लॉट घेतले, त्यातले एक बाबू म्हणजे माझे सासरे. घर बांधताना त्यांनी मिस्त्रीला एकच गोष्ट सांगितली होती. पायरी नको, उंबरठा नको, घरातली फरशी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत पाहिजे. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. इथली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्याने निदान एवढं पदरात पाडून घेतलं की फरशी मातीवर न बसवता खाली बीम घालून स्लॅबवर बसवायची, म्हणजे जमीन फुगली तरी ती उखडणार नाही. सासरे कबूल झाले. रस्त्यावरचं पाणी आत येईल त्याचं काय, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रस्ता काय वर येऊन राह्यला?"

त्यांची चूक झाली ती एवढीच.

मी आले तेव्हा आमच्या ओळीत चौदा घरं होती आणि बहुतेक घरांपुढे शेवग्याचं झाड. रस्त्यावर संध्याकाळी मुलं बॅडमिंटन खेळायची. गेल्या सात-आठ वर्षांत तो रस्ता रुंद झाला आणि एकेक घर जाऊन तिथे कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली मोबाइलचं शोरूम, वर कोचिंग क्लास, त्याच्यावर जिम. शेजारणी नाकं मुरडायच्या, मग त्यांचीही घरं गेली. मी मात्र खरं सांगते, मला ते बांधकाम बघायला फार आवडायचं. कणकेचे हात तसेच घेऊन मी गच्चीवर जायची. आमच्या डाव्या अंगाला तळघर खणलं तेव्हा आधी काळी माती निघाली, मग पिवळट मुरूम, मग काळा दगड, आणि तो फोडताना आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. इतकी वर्षं मी ज्याच्यावर चालत होते ते आतून असं थराथराचं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. काँक्रीटचा पंप आला आणि त्याची लांबलचक मान चौथ्या मजल्यावर वाकली, त्या दिवशी माझं वरण आटून गोळा झालं. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "तिकडे त्यायचा स्लॅब होऊन राह्यला, अन् इकडे आपल्या वरणाचा."

कॉम्प्लेक्सवाल्यांनी जोती उंच घेतली आणि त्यांच्यामागोमाग रस्ताही चढत गेला. आधी डांबराचे थर, मग त्यावर सिमेंट. जुना थर कुणी खरवडला नाही, नवा त्याच्याच डोक्यावर. शेवटी आमचं घर खड्ड्यात बसल्यासारखं झालं. दारातून रस्त्यावर जायला आम्ही मुरूम टाकून उतार केला, पण तो असा उभा की कुबडी घसरायची. मग मी सासूबाईंचा हात धरायला लागले. त्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीतून पूर्वी अख्खा रस्ता दिसायचा, आता नुसती चाकं आणि पाय दिसायचे. कुणाची गाडी गेली हे त्या टायरवरून ओळखायला शिकल्या.

दोन पावसाळे घरात पाणी शिरलं. पहिल्या वर्षी गव्हाची कोठी भिजली. दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या खाटेच्या पायांखाली विटा लावल्या आणि मी बादलीने पाणी उपसत बसले. नवरा पुलगावला नोकरीला, सकाळच्या गाडीने जातो आणि दिवेलागणीला येतो, त्यामुळे उपसणं माझ्याच वाट्याला. मी तेव्हा सगळ्यांवर चिडलेली असायची. रस्त्यावर, सासऱ्यांवर, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या कुबडीवरसुद्धा.

याच काळात सासूबाईंचं बाहेर जाणं थांबलं. पूर्वी त्या रोज सकाळी एकट्या निघायच्या. वाचनालयात जायच्या, एका जुन्या मैत्रिणीकडे बसायच्या, येताना कोथिंबीर घासाघीस करून आणायच्या. आता विचारलं तर म्हणायच्या, "नाई वं, आज कंटाळा येऊन राह्यला." वय अठ्ठ्याहत्तर, होणारच असं, असं मी धरून चालले.

डाव्या अंगाचं कॉम्प्लेक्स बांधणारा बिल्डर आमच्या मागे होता. जागा द्या, दोन फ्लॅट आणि एक दुकान घ्या. सासूबाईंनी त्याला विचारलं, "लाइट गेली त लिफ्टमधी मी काय करू? पाढे म्हणू?" तो हसला आणि चहा पिऊन गेला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून मी त्याला दर वेळी चहा द्यायची. दुसऱ्या पावसाळ्यात मी बादल्या ओतत होते तर तो छत्री घेऊन रस्त्यावर उभा राहिला आणि वरून म्हणाला, "काकू, द्यायचं नसन त नका देऊ. पण घर त उचला."

माझं डोकं फिरलं. "आमी नाई उचलत बिऱ्हाड," मी म्हटलं. "तुले काय करायचं ते कर."

"बिऱ्हाड नाई काकू, घर. जॅक लावून."

त्याने खाली येऊन मोबाइलवर दाखवलं. दुमजली घर, खाली जॅकच्या रांगा, आणि ते घर वर चाललेलं. मी ते तीनदा पाहिलं. माझ्या लेखी घर म्हणजे एकदा बसलं की बसलं. ते उठूही शकतं, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले.

किती उचलायचं यावर मात्र घरात ठिणगी पडली. बिल्डरचं म्हणणं, रस्त्याच्या वर दोन फूट घ्या, कारण रस्ता पुन्हा चढणार. नवऱ्याचंही तेच आणि माझंही तेच. सासूबाई म्हणाल्या, "रोडाबरोबर. सूतभर वर नाई."

नवरा म्हणाला, "आई, दहा वर्षांनी परत पाणी शिरन."

"दहा वर्षांनी मी राहीन का?"

माझ्या मनात आलं, त्या नसतील, पण मी असेन, बादली घेऊन. उन्हाळ्याच्या तोंडाशी कामाची माणसं आली त्या दिवशी आम्ही दोघांनी मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं की रस्त्याच्या वर दोन फूट घ्यायचं. पुढे चार पायऱ्या करू, कठडा लावू. सासूबाई तशाही कुठे जात नाहीत, मी हात धरायला आहेच. आणि त्यांना आत्ताच काही सांगू नका. मुकादमाने एवढंच विचारलं, "पक्का? घर चढ़ता है, उतरता नहीं." मी म्हटलं, पक्का.

मुकादम हरियाणाकडचा, पन्नाशीचा, डोक्याला गमछा, बोलणं मोजकं. जोत्याखाली खणून त्याने हात घालून पाहिलं आणि बीमवरची स्लॅब लागताच त्याचा चेहरा उजळला. बहुतेक घरांच्या भिंती वर जातात आणि फरशी खालीच राहते, मग भर घालून नवी करावी लागते. "यहाँ फर्श भी साथ आएगा," तो म्हणाला. "किसी अकलमंद ने बनवाया है." सासूबाईंनी त्या दिवशी जेवताना सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे दोनदा पाहिलं.

तीन आठवडे ते घराखाली खणत होते. एका वेळी भिंतीखालचा थोडाच भाग फोडायचा, तिथे लोखंडी चॅनल सरकवायचे, खाली जॅक लावायचा, मग पुढचा भाग. असं करत करत एकशे चाळीस जॅक लागले. शेवटचा लागला तेव्हा मुकादमाने मला बोलावलं आणि खाली वाकून बघायला सांगितलं. मी खड्ड्यात उतरले, गुडघे टेकले आणि बघतच राहिले. पुढच्या अंगणातून थेट मागच्या तुळशीपर्यंत आरपार उजेड दिसत होता. माझं स्वयंपाकघर, देवघर, गव्हाची कोठी, सगळं अधांतरी, आणि खाली लोखंडी रांगा. एक मांजर या टोकाकडून त्या टोकाला आरामात निघून गेली. मी ओट्याशी जिथे रोज उभी राहते ती जागा खालून शोधायचा प्रयत्न केला. देवळात हात जोडतात तसे माझे हात आपोआप जोडले गेले आणि मुकादमाने पाहू नये म्हणून मी ते पदराला पुसले.

उचलताना घरात राहिलं तरी चालतं, असं तो म्हणाला होता. मी बाहेर पडायला एका पायावर तयार होते, सासूबाई मात्र हलेनात. "माह्या घरात मीच राहीन न," म्हणाल्या. मग मुकादमाने त्यांनाच कामाला लावलं. प्रत्येक खोलीत त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला एक पेला ठेवला. पाणी सांडलं, किंवा भिंतीतून चरचर असा आवाज आला, तर जमिनीवर ठोकायचं. "माताजी, आप ठोकोगी तो सब रुक जाएगा. पहले रुकेंगे, बाद में पूछेंगे."

त्याच्या एकेका हाकेवर सगळे जॅक थोडे थोडे फिरणार होते. सासूबाईंनी मान डोलावली आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं विचारलं, "एका हाकेले किती चढते?"

"एक सूत, माताजी."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सासूबाईंनी मला रस्ता मोजायला लावला. मिस्त्रीलोक पातळी काढतात तशी पाण्याची पारदर्शक नळी, एक टोक रस्त्यावर मजुराने धरलं, एक दारात मी. फरक निघाला तीन फूट एक इंच. त्यांनी मला तो पुन्हा मोजायला लावला. पुन्हा तेवढाच. डोळे मिटून त्यांनी क्षणभर ओठ हलवले आणि त्या म्हणाल्या, "दोनशे शहाण्णव." मग डब्यातली तूर काढून त्यांनी दोनशे शहाण्णव दाणे एका वाटीत मोजून घेतले आणि शेजारी दुसरी रिकामी वाटी ठेवली. मला वाटलं, बरं झालं, म्हातारीला चाळा मिळाला.

सोमवारी सकाळी पहिली हाक आली. मुकादम घरासमोर उभा राहिला, एकेका माणसाकडे सात-आठ जॅक, सगळे आपापल्या दांड्यांना हात लावून. त्याने एक लांब आवाज काढला, शब्द असा काही नव्हताच, आणि तो संपताच सगळ्यांनी आपापले जॅक एकेक करून फिरवले. मी बाहेर अंगणात देवाचं नाव घेत होते. काहीच झालं नाही. मी आत धावले. पेल्यातलं पाणी जागचं हललं नव्हतं. खाटेवर बसलेल्या सासूबाईंनी तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत टाकला.

त्यानंतर मी बाहेर गेलेच नाही.

चार दिवस आम्ही दोघी अशा बसलो. मी खाली भाजी निवडायची, त्या खाटेवर दाणे टाकायच्या. बाहेरून हाक यायची, फरशीखाली जॅकची कुरकुर व्हायची, मग मुकादम फेरी मारून एकेक कोपरा तपासायचा, मग पुढची हाक. दुसऱ्या दिवशी दुपारपासून खिडकीत फरक कळायला लागला. चाकांबरोबर सायकलचे पॅडल दिसले. नंतर माणसांचे गुडघे, नंतर दुधवाल्याच्या गाडीला लावलेले कॅन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरून एक बाई चालली होती, तिचा चेहरा खिडकीत आला. तिने आत पाहिलं, आम्ही बाहेर पाहिलं. सासूबाईंनी तिला हात केला. ओळख ना पाळख, पण तीही हसली. मला एकदम रडू आलं. मी खड्ड्यात राहून कशी दोन वर्षं काढली याचं मलाच नवल वाटलं. भिंतींना एक तडा नाही, देवघरातली समई जागची हलली नाही, आणि चार खोल्यांचं अख्खं घर, आम्हां दोघींसकट, आमच्या भांड्याकुंड्यांसकट, माणसांच्या हातांनी वर चाललं होतं. दुधावर साय धरते तेवढ्याच गुपचूप.

रोडाची पातळी आली की काय सांगायचं, हा प्रश्न मी शेवटपर्यंत टाळला. घर नंतर थोडं खाली बसतं म्हणतात म्हणून जास्त घेतात, असं काहीतरी बोलू, एवढंच ठरवलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी पहिल्या वाटीत सात दाणे उरले तेव्हा मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. तिथून मला हाका ऐकू येत होत्या. मीही मोजत होते. पाच, सहा, सात. मग थोडा वेळ शांत. मग पुढची हाक आली आणि फरशीखाली जॅक कुरकुरले.

त्यावर ठक् ठक् ठक् असा आवाज झाला.

मी धावत गेले. सासूबाईंनी कुबडी उलटी धरली होती, कारण खालच्या टोकाला रबर असतं, आणि लाकडी मुठीने त्या फरशीवर ठोकत होत्या. खालची सगळी कुरकुर थांबली. मुकादम चपला न काढता आत घुसला आणि भिंतींवरून हात फिरवायला लागला. पेले पाहिले, कोपरे पाहिले, चौकटीत बोट घालून पाहिलं.

"क्या हुआ माताजी? कहाँ फटा?"

"कुठीच नाई फाटलं," त्या म्हणाल्या. रिकामी वाटी त्यांनी त्याच्यापुढे धरली. "पोचलो आपण. तुमी एक सूत जास्त घेतलं, ते राहू द्या."

मुकादमाने वाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तो बिचारा काय करणार. "मैडम ने तो दो फुट और बोला था," तो हळूच म्हणाला.

मला वाटलं आता त्या काय म्हणतील ते म्हणतील. मी मनातल्या मनात बादल्या, भिजलेला गहू, पुढचे पावसाळे, सगळं जवळ गोळा करून ठेवलं होतं, भांडायला. पण त्या रागावल्याच नाहीत. शाळेत चुकलेलं गणित सोडवून दाखवावं तशा आवाजात म्हणाल्या, "दोन फूट म्हणजे चार पायऱ्या. चार पायऱ्या म्हणजे तुहा हात."

मी त्यांच्या हातातली रिकामी वाटी घेऊन खाली ठेवली.

"तुहा हात चांगला हाय वं. तू कधी कुरकुर नाई केली. पण मले कुठी जायचं असलं की आधी तुले पाहा लागते. तू पोळ्या करून राह्यली का, तू झोपली का, तुहं मन हाय का. मंग वाटते, जाऊ दे, कंटाळा आला म्हणून सांगू."

म्हणजे तो कंटाळा नव्हता. मी दोन वर्षं त्याला म्हातारपण समजत होते.

"अन् रोड परत चढला तं?" मी विचारलं. भांडायचं म्हणून नाही, खरंच विचारलं.

"त परत उचलजा न. उचलता येते, हे त आता माईत झालं."

मुकादम दारात ताटकळत उभा होता. मी त्याला म्हटलं, "बस. यहीं." नवऱ्याला संध्याकाळी काय सांगायचं ते सांगेन. तो बाहेर गेला, आणि बाहेर दांड्या खाली ठेवल्याचे आवाज एकामागून एक येत राहिले.

घर आणि रस्ता यांच्यामध्ये आता खाली राहिलेलं अंगण आणि खणलेला चर होता. मजुरांनी त्यावर रुंद फळ्या टाकल्या आणि मुकादम स्वतः त्यावर दोनदा चालून गेला. सासूबाईंनी पदर खोचला, कुबडी सुलटी केली आणि दाराकडे निघाल्या. माझा हात सवयीने पुढे गेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

फळीवर कुबडीचा आवाज झाला, मग सिमेंटवर. त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, डाव्या अंगाचं ते चार मजली कॉम्प्लेक्स खालपासून वरपर्यंत मान मागे टाकून पाहिलं, आणि मग उजवीकडे वळून चालायला लागल्या. मोबाइलच्या दुकानापुढून गेल्या, टायरवाल्यापुढून गेल्या. पुढे रस्त्याला वळण आहे. तिथे मला त्या दिसेनाशा झाल्या. कुठे जाताय हे मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.